चमचा तिरका करून पाहा

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की वरणाचं पाणी म्हणजे शेवटी पाणीच. त्या एका ओळीने टपाल वाढवलं. काही पत्रं शंकेची, काही रागाची, आणि एक तर सरळ माझी हजेरी घेणारं. ते शेवटाला ठेवलंय. ‘वाटी-चमचा’ हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. 1988 ते 2021 अंगणवाडीची मुख्यसेविका होते, त्यातली बहुतेक वर्षं अकोले तालुक्यात. औषधाचं मला विचारू नका, जेवणाचं विचारा.

प्रश्न : मुलगी 14 महिन्यांची आहे. जन्माचं वजन 2 किलो 800, वर्षाची झाली तेव्हा 8 किलो 200, आता 8 किलो 600. आधी सगळं आवडीने खायची, आता घास पुढे केला की मान फिरवते. दूध मात्र मोठ्या बाटलीने चार वेळा पिते, म्हणून त्यावरच भागवते. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा 11 किलोचा आहे. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला चव नाही. — एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, आधी शेजारच्या मुलाला त्याच्या घरी राहू द्या. तुमच्या मुलीची तुलना फक्त तिच्याच मागच्या वजनाशी करायची. दोन महिन्यांत 400 ग्रॅम वाढले, या वयाला हे छान आहे. वाढीच्या तक्त्यावर या वयाच्या मुलीचा मधला आकडा 9 किलो 400 च्या आसपास येतो आणि काळजीची रेघ 7 किलो 400 ला आहे. तुमची मुलगी या दोन्हींच्या मधे आहे आणि वर सरकते आहे. तिरपी रेघ वर चाललेली असली की मला झोप लागायची. आडवी झाली की लागायची नाही, मग आकडा कितीही मोठा असो.

आता भुकेचं. पहिल्या वर्षात तिने जवळजवळ साडेपाच किलो कमावले. मूल वर्षभरात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, उंचीने 50 सेंटिमीटरवरून 75 वर जातं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग निम्म्यावर आला की भूकही मंदावते. यात तुमच्या हाताच्या चवीचा काही संबंध नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

पण त्या चार बाटल्यांचं काय? मोठ्या बाटलीचं माप धरलं तर ते दूध जवळपास लिटरभर झालं. तिच्या दिवसभराच्या गरजेतला निम्म्याहून जास्त भाग तिथेच भरून निघतो. पोट भरलेलं माणूस ताटाकडे बघून मान फिरवणारच, तुम्ही-आम्हीही फिरवू. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं. दुधावर वाढलेलं गोरंगोमटं, गुबगुबीत मूल रक्त तपासल्यावर फिकं निघालेलं मी कितीदा पाहिलंय. दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर दूध पुरे, तेही पेल्याने आणि जेवणानंतर. एकदम बंद करू नका, रडारड होईल. दर तीन-चार दिवसांनी एक बाटली कमी करा. रात्री झोपेतली बाटली सगळ्यात आधी काढा, ती दातही खाते.

मग भूक लागेल. ती लागेपर्यंतचे चार-पाच दिवस घरात तुम्हाला बोलणी खावी लागतील, तेवढी तयारी ठेवा. ताटलीत काय वाढायचं आणि केव्हा, हे तुम्ही ठरवायचं. किती खायचं ते तिच्यावर सोडा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचला. मोबाईल दाखवून भरवलेला घास पोटात जातो खरा, पण तो कसला होता हे तिला कळतच नाही. कावळ्या-चिमणीचा घास वेगळा, त्यात भरवणारीचं तोंड तरी मुलीकडे असतं.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी सेविका म्हणून लागले. महिन्यातून दोनदा आयांची बैठक घेते. तिरंगी थाळी, पहिले हजार दिवस, प्रथिनं, लोह, सगळं सांगते. बाया मान हलवतात आणि घरी जातात. पुढच्या महिन्यात वजनं तीच. मोबाईलमध्ये माहिती भरण्यातच अर्धा दिवस जातो तो वेगळाच. माझं कुठे चुकतंय? — एक सेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सेविकाताई, तुमचं चुकतंय ते सगळं माझं चुकून झालंय. माझ्याकडे रंगीत तक्ता होता. त्यावर सफरचंद होतं, द्राक्षं होती, काचेच्या पेल्यात दूध होतं. राजूरच्या पुढे डोंगरात तो टांगून मी बोलत असायचे आणि समोरच्या बायांनी सफरचंद बघितलेलं असलंच तर आजारी माणसाच्या उशाशी. बाहेर करवंदं, जांभळं, उंबरं लागलेली. त्यांचं चित्र तक्त्यावर नव्हतं म्हणून मीही कधी नाव काढलं नाही.

1990 नंतरची गोष्ट आहे. तेव्हा वजनावरून मुलांच्या श्रेणी काढत, एक ते चार, चौथी सगळ्यात वाईट. दीड वर्षाचा एक मुलगा तिसऱ्या श्रेणीत होता आणि तीन महिने काटा हलत नव्हता. मी भर बैठकीत त्याच्या आईला विचारलं, “अगं, सांगितलेलं करतेस की नाही? की नुसती येऊन बसतेस?” ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी रजिस्टरात ‘पालक उदासीन’ असा शेरा मारला. तो शेरा अजून आठवला की मान खाली जाते.

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. एकदा सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या घरावरून चालले होते, म्हणून डोकावले. आई पहाटेच आवणीला गेलेली. ओट्यावर जर्मनची ताटली घेऊन सात वर्षांची बहीण बसली होती आणि भावाला भरवत होती. ताटलीत भाताची पेज. एक बोट भावाच्या तोंडात, तोवर कोंबडी येऊन चोच मारायची, ही ‘हाड हाड’ करत तिच्यामागे धावायची, परत आली की पुन्हा एक बोट. शेवटी भावाला कंटाळा आला. उरलेली पेज कोंबडीने खाल्ली. मी जिला वर्षभर प्रथिनं शिकवत होते ती भरवणारी नव्हतीच. जी भरवत होती तिला माझ्या बैठकीत प्रवेश नव्हता.

त्या दिवशी मी मुलीला काय शिकवलं? तीन गोष्टी. पातेल्यात वरवरची पेज ओतून घ्यायची नाही, डाव तळापर्यंत घालायचा आणि तळाचा भात घ्यायचा. त्यात शेंगदाण्याचा किंवा भाजलेल्या हुलग्याचा कूट आणि चमचाभर तेल कालवायचं. आणि वाटी वेगळी. माझ्या पिशवीत नेलपॉलिशची बाटली होती, लग्नाला जायचं होतं म्हणून घेतलेली. घरातल्या एका वाटीला बाहेरून लाल रेघ ओढली आणि सांगितलं, “इथपर्यंत भरायचं, आणि कोंबडीला नाही.” आठवड्याने गेले तर पोरगी म्हणाली, “रेघेपरेंत खातो, पण आजीनं तेल लपवून ठेवलंय.” महिन्याचं गोडंतेल रेशनवर मोजून मिळायचं, आजीचंही काय चुकलं? मग आजीशी बोलणं आलं. तिच्यासमोर चमचा मोजून दाखवला, महिनाभरात किती तेल जाईल ते बाटलीवर बोट ठेवून दाखवलं. दोन महिन्यांत पोराने अर्धा किलो वजन घेतलं. आई बैठकीला आली ती दिवाळीनंतर. माझ्याशी बोलली नाही, पण येताना वाटी घेऊन आली होती.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे आईचं नाव आहेच, त्याच्या शेजारी लिहा ‘भरवतं कोण’. अर्ध्या ठिकाणी आजी, ताई, काकू निघेल. त्या माणसाला बोलवा. ते येणार नसेल तर तुम्ही जेवणाच्या वेळेला जा.

दुसरं म्हणजे पोषकद्रव्यांची नावं सोडा आणि पोटाचं माप सांगा. लहान मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 ग्रॅम अन्न मावतं. 8 किलोच्या मुलाच्या पोटात 240 ग्रॅम, म्हणजे दीड वाटीच्या आत-बाहेर. एवढ्याशा जागेत पेज भरली तर पोट टम्म, मूल गप्प, आणि अंगाला काही नाही. आईचं दूध चालू असलेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून रोज साधारण 550 उष्मांक लागतात. हे बायांना सांगायचं नाही, तुम्ही लक्षात ठेवायचं. बायांना सांगायचं ते इतकंच, की चमच्यात घेतलेला घास तिरका करून पाहा. घळकन ओघळला तर तो पाणी आहे. चमच्याला धरून राहिला आणि सावकाश सरकला तर ते जेवण. आणि प्रत्येक वाटीत एक लहान चमचा तेल किंवा तूप. त्याने जागा न वाढता 45 उष्मांक वाढतात. हे मी बैठकीत तोंडी सांगत नसे. दोन वाट्या मांडायचे, एकीत वरचं पाणी, दुसरीत तळाची खिचडी, आणि दोन बायांना चमचे द्यायचे. तिरका केला की बाया आपणच हसायच्या.

तिसरी गोष्ट मी फार उशिरा शिकले. गावात तितकंच गरीब असलेलं, पण मूल चांगलं वाढत असलेलं एक तरी घर असतं. तिथे जाऊन काय करतात ते बघायचं. व्हिएतनाममध्ये 1990 च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन या जोडप्याने हेच केलं. ज्या गरीब घरांतली मुलं धडधाकट होती तिथल्या आया भातखाचरातले बारके झिंगे, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. बाकीच्या घरांत ते ‘लहान मुलांना चालत नाही’ म्हणून घालत नसत. वाचताना मी दचकले, कारण आमच्या डोंगरातही पावसाळ्यात खेकडे मोठ्यांच्या ताटात आणि पोराला नुसता भात. मग खेकड्याचा रस्सा गाळून, त्यातला गर भातात कुस्करून पोराला घालणारी एक बाई आम्ही शोधली. तिने बैठक घेतली, मी मागे बसले. तिच्या बैठकीला कुणी मान हलवली नाही, भांडल्या. ‘पोट दुखेल’, ‘अंगावर उठेल’, ‘माझ्याला नाही उठलं’, असं तासभर चाललं. तुमच्या बैठकीत कुणी भांडत नसेल तर समजा, कुणी ऐकतही नाहीये.

दंडाची पट्टी मात्र सोडू नका. घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर दर आठवड्याला डोळा ठेवा. 11.5 च्या खाली गेला तर बैठक, वाटी, रेघ सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र. तिथे गप्पा मारायच्या नसतात.

प्रश्न : आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या औषधाने दीड वर्षाच्या मुलाची शी काळी होते. घाबरून बंद केलं. — एक आई, उदगीर

उत्तर : सुरू करा. न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून रंग काळा येतो, त्याने अपाय नाही. आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर, सोबतच्या ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा म्हणजे दात काळवंडत नाहीत. ताप किंवा जुलाब असेल त्या दिवशी थांबा आणि आशाताईंना सांगा. दुधाबरोबर देऊ नका. आणि चहा तर मुळीच नको, ना औषधाबरोबर ना जेवणाबरोबर. चहात बुडवलेलं बिस्कीट हा आपल्याकडचा लाडका नाश्ता आहे, पण चहा अन्नातलं लोह अडवतो. त्याऐवजी वरणावर लिंबाच्या चार थेंबांनी लोह जास्त लागू पडतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे वर्गात दहा मुलं असतील तर सात. तेव्हा ‘आमच्यात नाही बाई तसलं काही’ असं कुणी म्हणू नये.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो. दोन वर्षांच्या मुलाला उंची वाढवणारी, बुद्धी वाढवणारी पावडर दुधातून देतो. चॉकलेटची चव असते म्हणून पितो तरी. कुठली चांगली? — एक वडील, ठाणे

उत्तर : डबा फिरवा. पुढच्या बाजूला जिराफ असेल, मागच्या बाजूला बारीक अक्षरात साखर असेल. 100 ग्रॅममध्ये किती ते वाचा आणि मुलाच्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली ठेवू नका असं सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असं काही नाहीच. डब्याच्या पैशात महिनाभर रोजचं अंडं येतं. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते सोलायला मुलाला स्वतःला आवडतं. अंडं चालत नसेल त्या घरी मऊ शिजवलेली मटकी, दही, शेंगदाण्याचा कूट. कूटच हं, अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे एवढ्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका, श्वासनळीत अडकतात. चॉकलेटची सवय मोडायला पंधरवडा लागेल. लागू दे.

प्रश्न : मुलगा नऊ महिन्यांचा. तुम्ही घट्ट घट्ट म्हणता, पण नाचणीचं सत्त्व घट्ट केलं की त्याला ओकारी येते. पातळ केलं की तुमच्याच भाषेत पाणी. मग करू काय? — एक आई, चिपळूण

उत्तर : प्रश्न अगदी खरा आहे आणि याचं उत्तर तुमच्याच घरात आहे. सत्त्व करताना तुम्ही नाचणीला मोड आणता का? हल्ली पुष्कळजणी दळलेलं पीठ आणून थेट शिजवतात, तिथे गडबड होते. धान्याला मोड येतो तेव्हा कोंबाला खाता यावं म्हणून दाणा स्वतःतलं पिष्ट फोडायला लागतो. त्यासाठी लागणारा पाचक घटक दाण्यातच तयार होतो. ही मोडाची ताकद आपल्याला उसनी घेता येते.

नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून चांगले मोड येऊ द्या, सुकवा, अगदी हलकी गरम करून दळा. खमंग भाजली तर वास छान येईल पण ती ताकद जाईल. आता नेहमीच्या पिठाची खीर चांगली घट्ट करा, चमचा उभा राहील अशी. खाली उतरवा. बोट लावता येईल इतपत निवली की त्यात हे मोडाचं पीठ एक लहान चमचा टाका आणि ढवळत राहा. पहिल्यांदा केलंत तर बघत राहाल. पाच-सात मिनिटांत ती गोळ्यासारखी खीर तुमच्या डोळ्यांसमोर सैल होते, ताकासारखी ओघळायला लागते. पाणी एक थेंब घातलेलं नसतं. पुन्हा एक उकळी काढा आणि कोमट करून भरवा.

म्हणाल, आता चमचा तिरका केला तर हे सांडतं. सांडू दे. इथे माझी कसोटी चालत नाही, कारण वाटीतलं पीठ तेवढंच आहे, फक्त मऊ झालंय. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी मोडाच्या पिठावर पुष्कळ काम केलं. आमच्या प्रशिक्षणात ते आलं तेव्हा मागच्या बाकावरची एक सेविका म्हणाली, “हे तर माझी आजी करायची.” करायची खरी, पण का ते तिला विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

एक भांडण मात्र माझं कोकणातल्या सत्त्वाशी आहे. वस्त्रगाळ करून साल फेकता ना, त्या सालात नाचणीचा पुष्कळसा चुना जातो. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, धान्यांमध्ये हिच्या जवळपास कुणी नाही, आणि आपण ते फडक्यात ठेवून देतो. नऊ महिन्यांच्या मुलाला बारीक दळलेली सालासकट चालते. आणि दर आठवड्याला थोडी थोडी दाट करत न्या. वर्षाच्या आसपास त्याला घरातलाच मऊ भात, कुस्करलेली भाकरी खाता आली पाहिजे. मिक्सरमध्ये फिरवलेलं खाऊन मोठं झालेलं मूल पुढे चावायला कंटाळतं.

प्रश्न : मी पाच मुलं वाढवली, एकही सलाइनवर गेलं नाही. वरणाचं पाणी, गुटी, मेतकूट-भात यावर वाढली. तुम्ही सुनांना आमच्याविरुद्ध भडकवता. माझी सून आता नातवाला वरणाचं पाणी देऊ देत नाही, वर जुलाब लागले तरी खायला घाल म्हणते. केळं देते, त्याने सर्दी होते. अंडं देते, उष्ण पडतं. मेतकूट मी घरी करते, विकतचं नाही. हे छापा. — एक आजी, वाई

उत्तर : आजी, छापलं. शब्दही बदलला नाही.

मेतकूट-भातावर वाढवलंत, हे वाचून मी तुमच्या बाजूची झाले. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, सगळं भाजून दळलेलं, वर तुपाची धार. डाळी आणि धान्य एकत्र आलं की दोघांची उणीव भरून निघते. त्या डब्यावरच्या जिराफापेक्षा हे कितीतरी सरस. उष्टावणही तुम्ही सहाव्या महिन्याच्या आसपास केलं असणार. सरकार 180 दिवस म्हणतं, म्हणजे तुमचंच म्हणतं. तुमची मुलं वाढली ती वरणाच्या पाण्यावर नाही आजी, मेतकुटावर आणि तुपावर वाढली. पाणी नुसतंच सोबत होतं. गुटीबद्दल मात्र सुनेचं ऐका, निदान सहा महिने होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही.

जुलाबाचं सुनेचं बरोबर आहे. पूर्वी आपण पोट ‘रिकामं ठेवायचो’, त्यात पोर वाळायचं. जुलाबात थोडं थोडं, पण खायला घालायचंच. सोबत क्षारसंजीवनीचं पाणी आणि झिंकची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी. बरं वाटल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं, गेलेलं वजन तेव्हाच परत येतं. दोन दिवसांत उतार पडला नाही, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टर.

केळ्याने सर्दी होत नाही. सर्दी होते ती दुसऱ्या सर्दीवाल्याकडून, आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा नातवाचा मुका घेतो. अंड्याचं मी तुमच्यावर सोडते, पण नातवाला ते मानवत असेल तर उष्ण म्हणून काढून घेऊ नका. थंडीत तरी द्याल?

आणि सुनेशी माझ्या नावाने भांडू नका. दुपारी ती कामाला जाते असं तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे, म्हणजे त्याला भरवता तुम्हीच. तेव्हा वरणाचं वरचं पाणी सुनेला आमटीसाठी द्या आणि नातवाला तळाचं वाढा. एक विचारायचं राहिलं. मेतकुटात सुंठ आणि मेथी भाजूनच घालता की नुसती? आमच्याकडे मेथी करपते आणि सगळा डबा कडू होतो. कृती मापासकट पाठवा, पुढच्या अंकात तुमच्या गावाच्या नावाने देते.